जेम्स वेल्स, पेशव्यांचं पोर्ट्रेट करणारा पेंटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा जेम्स वेल्स नक्की कोण?

अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबई आणि पुण्यात काम केलेला एक ब्रिटिश पोर्ट्रेट पेंटर. जन्म १७४७, मृत्यू १७९५. युरोपच्या कलेच्या इतिहासात त्याचं नाव फार कुणी घेत नाही, घेतलं तरी एखाद्या ओळीत. पण सवाई माधवराव पेशवे किंवा नाना फडणवीस म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे चेहरे येतात ते मुळात याच माणसाच्या हातून कॅनव्हासवर उतरलेत, आणि हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

तो इंग्लिश होता ना?

सगळीकडे "इंग्रज चित्रकार वेल्स" असंच लिहिलेलं असतं, पण तो स्कॉटिश. ॲबरडीनशायरमधलं पीटरहेड म्हणून समुद्रकाठचं गाव आहे तिथला. शिक्षण ॲबरडीनच्या मारिशल कॉलेजात. करिअर मात्र लंडनमध्ये करायचा प्रयत्न केला आणि गिऱ्हाईक सगळं इंग्रज, त्यामुळे इंग्लिश पेंटरांच्या यादीत जाऊन बसला. बरेच जण वेल्स हे आडनाव वाचून तो वेल्स देशाचा असेल असं पण समजतात, तसंही नाही.

पेंटिंग कुठे शिकला?

बहुतेक सगळं स्वतःच. कुठल्या मोठ्या उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला माणूस नाही हा. त्याच्या चित्रांत ते दिसतं पण, अंगाची ठेवण कधीकधी थोडी ताठ असते, हातांची बोटं जरा घाईत उरकल्यासारखी वाटतात, पण चेहरा म्हणाल तर चेहऱ्यावर तो मन लावून थांबतो आणि पोर्ट्रेटमध्ये शेवटी तेच लागतं.

मग लंडन सोडून इतक्या लांब का आला?

लंडनमध्ये त्याची चित्रं लागत होती, १७८० च्या दशकात सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात लागली, १७८८-८९ ला रॉयल अकॅडमीत पण लागली. पण त्या काळच्या लंडनमध्ये रेनॉल्ड्स, रॉम्नी असली मंडळी होती, बड्या लोकांना पोर्ट्रेट करून घ्यायचं तर ते त्यांच्याकडेच जाणार. मधल्या फळीतल्या पेंटरला तिथे वर सरकायला जागाच नव्हती.

आणि त्याच वेळी हिंदुस्थानात जाऊन पैसा करून आलेल्या पेंटरांची उदाहरणं समोर होती. टिली केटल १७६९ ला मद्रासला आला, मग अवधच्या नवाबाकडे गेला. झोफनी १७८३ ला आला आणि लखनौला चांगलं बस्तान बसवलं. कंपनीच्या साहेब लोकांना घरी पाठवायला स्वतःची चित्रं हवी असायची आणि इथल्या राजेरजवाड्यांना पण या ऑइल पेंटिंगचं नवल होतं. वेल्सने मद्रास किंवा कलकत्ता न धरता मुंबई धरली, मुंबईत तेव्हा पेंटर कमी, त्यामुळे स्पर्धाही कमी. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला. वय चव्वेचाळीसच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या मानाने नवीन सुरुवात करायला बराच उशीर झालेला.

मुंबईत काय केलं?

साहेबांची पोर्ट्रेट केली, ते पोटापाण्याचं काम. पण त्याच्या जोडीला बेटावर हिंडून निसर्गचित्रं पण काढली, मलबार हिलवरून दिसणारी मुंबई, शीवच्या किल्ल्यावरून, शिवडीवरून दिसणारा देखावा अशी. १७९१-९२ मधल्या या स्केचांवरून बारा छापील चित्रांचा संच निघाला. ज्यांनी आजची मुंबई पाहिलीय त्यांनी तो संच जरूर बघावा, भराव घालायच्या आधीची मुंबई आहे ती, मध्ये पाणी, ताडाची झाडं, लांबवर चार घरं, आणि डोंगर मात्र अगदी ओळखू येतात.

पुण्याला कसा पोचला?

सर चार्ल्स वॉर मॅलेट मुळे. मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा पहिला रेसिडेंट, म्हणजे दरबारात कायम राहणारा कंपनीचा वकील, १७८६ पासून पुण्यात, मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा मुक्काम. राजकारणी माणूस तर होताच पण त्याला चित्रं, लेणी, जुन्या गोष्टी यांचा मनापासून नाद होता. त्याच्या आधाराने वेल्स १७९२ मध्ये पुण्यात आला.

ती वेळ बघा. टिपूविरुद्धची लढाई नुकती संपलेली, त्यात इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते, त्यामुळे दरबारात मॅलेटचं वजन. महादजी शिंदे त्याच जूनमध्ये उत्तरेतून बादशहाची वकील-इ-मुतलकची, म्हणजे मुख्य मुखत्यारपदाची, वस्त्रं घेऊन पुण्यात दाखल झालेले. म्हणजे नाना, महादजी आणि तरुण पेशवा, मराठी राज्याची सगळी मोठी माणसं एका गावात, आणि तिथे एक पेंटर येऊन पोचतो. असा योग पुन्हा आलाच नाही.

सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं ते प्रसिद्ध चित्र याचंच का?

हो. १७९२ सालचं, कॅनव्हासवरचं ऑइल पेंटिंग, आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवा बसलेला, शेजारी नाना, मागे सेवक उभे.

या चित्राबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ते शांतपणे बघण्यासारखं आहे. माधवरावाचा जन्म एप्रिल १७७४ चा, म्हणजे चित्रात तो अठरा वर्षांचा पोरगा आहे. अंगावर मोती, जवाहीर, सगळा पेशवाईचा थाट. आणि शेजारचे नाना पन्नाशीचे, साधा पांढरा पोशाख, सडपातळ अंग, लांबट चेहरा. दागिने सगळे एकाच्या अंगावर आणि कारभार सगळा दुसऱ्याच्या हातात, हे पुण्यात तेव्हा ज्याला त्याला माहीत होतं आणि वेल्सला पण ते कळलेलं दिसतं. पेशवा बरोब्बर मानाच्या जागी आहे, पण बघणाऱ्याची नजर दरवेळी नानांकडे जाते, निदान माझी तरी जाते. कुणी त्याला तसं काढायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, समोर जे बसलं होतं ते त्याने नीट बघितलं इतकंच.

नानांचं वेगळं पोर्ट्रेट पण त्याने केलं. पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर, वाड्यांच्या भिंतीवर नानांचा जो चेहरा फिरतो तो याच कामाच्या नकलांच्या नकला होत होत आपल्यापर्यंत आलाय.

पण पेशव्यांची चित्रं त्याआधी पण होती की, मग याचं वेगळं काय?

होती, आणि चांगली होती. पण ती आपल्या दख्खनी पद्धतीची, कागदावर, छोट्या आकाराची, चेहरा बहुतेक एकचष्मी म्हणजे एका बाजूने काढलेला. त्यात पगडी, गंध, दागिना, बसण्याची रीत हे अचूक असतं, कारण माणसाचा मान दाखवणं हा त्या चित्राचा मुख्य हेतू. गालावर सावली कुठे पडते, डोळ्याखाली थकवा आहे का, हे दाखवायची ती पद्धतच नव्हे.

वेल्सची पद्धत वेगळी. माणसाला समोर बसवायचं, आधी स्केच करायचं, चेहरा थोडा वळलेला म्हणजे दोन्ही डोळे दिसतील असा, उजेड एका बाजूने घ्यायचा, मग तेलाचे रंग थरावर थर देत चढवायचे, एक थर वाळला की दुसरा. याला वेळ लागतो आणि समोरच्याला पुन्हा पुन्हा बसावं लागतं. त्यामुळे ही प्रत्यक्ष बघून केलेली चित्रं आहेत. एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कमी असं मी म्हणणार नाही, पण "नाना दिसायला कसे होते" हा प्रश्न असेल तर वेल्सकडे जावं लागतं.

महादजी शिंद्यांचं पोर्ट्रेट पण त्याने केलं?

केलं. महादजी पुण्यात होते त्याच काळात. पुढे १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला महादजी गेले, आज तिथे त्यांची छत्री आहे. म्हणजे वेल्सला अगदी शेवटची दोन वर्षं मिळाली.

हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे, तारखा एकापाठोपाठ एक ठेवून बघा. महादजी १७९४ फेब्रुवारी. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५, शनिवारवाड्यात वरून पडून. स्वतः वेल्स त्यानंतर थोड्याच दिवसात. नाना मार्च १८००. हा पेंटर पाच-सहा वर्षं उशिरा आला असता तर नाना सोडून यातला एकही चेहरा अशा रीतीने उरला नसता, आणि हे लिहिताना मला दरवेळी आत कुठेतरी हललं जातं.

त्याने बायकांची पोर्ट्रेट केली का?

एक फार महत्त्वाचं आहे, बीबी अंबर कौर हिचं, १७९२ चं. अंबर कौर ही मॅलेटची हिंदुस्थानी सोबतीण, त्याला तिच्यापासून मुलं पण होती. कंपनीच्या बऱ्याच साहेबांची अशी घरं होती, पण कागदोपत्री या बायका नावाशिवाय येतात आणि नावाशिवाय जातात. हिला नाव आहे, चेहरा आहे. मॅलेटच्या राजकारणावर पानंच्या पानं लिहिली गेलीत, तिच्याबद्दल लिहिणारे मोजके.

शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली त्यात हा होता का? आणि गंगाराम तांबट कोण?

मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यात चित्रकला शिकवायची शाळा सुरू झाली, शनिवारवाड्यात, आणि वेल्स तिथे शिकवायचा. युरोपियन पद्धतीचं ड्रॉइंग इथल्या मुलांना शिकवणं, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ ला, त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

इथला सगळ्यात गुणी माणूस गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. त्याला सगळीकडे "वेल्सचा विद्यार्थी" म्हणून एका ओळीत उडवतात आणि ते मला अजिबात पटत नाही. कारण साधं आहे, पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने केलेलं चित्र १७९० चं आहे, वेल्स तेव्हा हिंदुस्थानात आलाच नव्हता! गंगाराम आधीपासून मॅलेटसाठी काम करत होता. त्याने प्राणी काढले, पैलवान काढले, वेरूळ, कार्ल्याची लेणी काढली, आणि त्याची नजर इतकी स्वच्छ आहे की त्या गेंड्याच्या कातडीच्या घड्यासुद्धा त्याने बघून बघून काढल्यात. वेल्सकडून तो नवीन गोष्टी शिकला असणारच, खोली दाखवणं, सावली देणं वगैरे, पण कोरी पाटी घेऊन आलेला शिष्य तो नव्हता. तयार कलाकार होता. वेल्सच्या लेण्यांच्या कामात त्याची मदत मोठी आहे.

वेल्सचा अजून एक मदतनीस होता रॉबर्ट मॅबन, शिपाईगिरी सोडून चित्रकलेत आलेला. त्याने पुढे १७९७ ला कलकत्त्याहून इथल्या लोकांच्या चालीरीतींच्या चित्रांचं पुस्तक काढलं.

शनिवारवाड्यातल्या दरबाराचं ते भव्य चित्र वेल्सचं की डॅनियलचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सरळ उत्तर म्हणजे रंगवलं थॉमस डॅनियलने, पण ते उभं आहे वेल्सच्या कामावर.

झालं असं. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज-मराठे-निजाम असा तह झाला, आणि ६ ऑगस्ट १७९० ला शनिवारवाड्यात भरदरबारात मॅलेटने तहाचा कागद पेशव्यांच्या हाती दिला. मॅलेटच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा दिवस, त्याचं मोठं चित्र व्हावं अशी त्याची इच्छा. ते काम त्याने वेल्सला दिलं. वेल्स स्वतः त्या दरबारात नव्हता, तो हिंदुस्थानात आला पुढच्या वर्षी, म्हणून त्याने त्या दिवशी हजर असलेल्या माणसांची एकेक करून स्केच जमवायला घेतली, बैठक कशी, महाल कसा, कोण कुठे बसलं हे सगळं. आणि हे जमवता जमवताच तो वारला.

मॅलेट इंग्लंडला परतल्यावर त्याने वेल्सचं सगळं साहित्य थॉमस डॅनियलला दिलं आणि डॅनियलने त्यावरून ते चित्र पूर्ण केलं. १८०५ ला रॉयल अकॅडमीत लागलं, आणि आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गर्दीने भरलेला महाल, भिंतीजवळ गणपतीची मूर्ती, मधे पेशवा आणि मॅलेट, भोवती मानकरी.

आता यात दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, रंगवणारा आणि स्केच करणारा यापैकी कुणीही प्रत्यक्ष तो प्रसंग पाहिलेला नाही, त्यामुळे "अगदी असंच घडलं" म्हणून ते वापरू नये, आणि चित्र मॅलेटने सांगून करून घेतलेलं असल्यामुळे मॅलेटचं महत्त्व त्यात ठळक असणारच. दोन, तरीही ते आपल्यासाठी अनमोल आहे, कारण शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज आपण दिल्ली दरवाज्यातून आत जातो तेव्हा जोती, कारंजी आणि तटबंदी दिसते, महाल एकही नाही. आतला गणपती रंगमहाल कसा असेल याची कल्पना करायची तर हे चित्र समोर घ्यावंच लागतं.

डॅनियल मंडळींशी त्याची ओळख कशी?

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम, दोघं हिंदुस्थानभर फिरून १७९३ च्या मार्चमध्ये मुंबईला आले. वेल्स त्यांना भेटला आणि सगळे मिळून घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, कार्ले अशी लेणी बघत, चित्रं काढत फिरले. लेण्यांचं वेड वेल्सला होतंच, या सहवासात ते अजून वाढलं. पोर्ट्रेटची कमाई आणि लेण्यांवर खर्च असं त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या भागाचं चित्र दिसतं.

वेरूळच्या लेण्यांचं पुस्तक कुणाचं मग?

१८०३ ला लंडनमध्ये वेरूळची चोवीस चित्रं छापून आली, थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली, मूळ ड्रॉइंग वेल्सची. म्हणजे परत तेच, मेहनत एकाची आणि छापताना हात दुसऱ्याचा, फक्त इथे वेल्सचं नाव शीर्षकातच आहे हे डॅनियलच्या बाजूने सांगायला हवं. मॅलेटने स्वतः पण वेरूळवर लेख लिहिला, तो एशियाटिक रिसर्चेस या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात आहे आणि त्यासाठी गंगारामची ड्रॉइंग वापरलीत. अजिंठा इंग्रजांच्या नजरेला पडलं १८१९ ला, त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी वेरूळचं इतकं बारीक काम या लोकांनी करून ठेवलं होतं.

मृत्यू कसा झाला?

तापाने. साष्टी बेटावर कान्हेरीच्या लेण्यांत ड्रॉइंग करत असताना आजारी पडला आणि १७९५ च्या नोव्हेंबरात ठाण्याला वारला. कान्हेरी तेव्हा घनदाट रान, पावसाळ्यानंतरचे दिवस म्हणजे हिवतापाचे दिवस. वय अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानात एकूण चारच वर्षं मिळाली त्याला, आणि वर लिहिलेलं सगळं त्या चार वर्षांतलं आहे.

घरच्यांचं काय झालं?

मुलगी सुझॅना, तिचं लग्न १७९९ ला इंग्लंडमध्ये खुद्द चार्ल्स मॅलेटशी झालं. मॅलेट तिच्यापेक्षा बराच मोठा. त्यांना आठ मुलगे झाले.

आणि यातली एक गोष्ट मला खूप आवडते. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान शोधलं असं आपण वाचतो, डोंगरावरच्या लोकांना ते अर्थातच आधीपासून माहीत होतं, पण थंड हवेचं ठिकाण म्हणून ते त्याच्यामुळे पुढे आलं. तो ह्यू पॉइंट्झ मॅलेट म्हणजे सुझॅनाचा मुलगा, म्हणजे आपल्या या पेंटरचा नातू. आजोबा ज्या ठाण्यात वारले त्याच ठाण्यात नातू कलेक्टर.

त्याची चित्रं बघायची तर कुठे?

वर म्हटल्याप्रमाणे पेशवा-नाना चित्र रॉयल एशियाटिक सोसायटी लंडन, दरबार चित्र टेट. पण सगळ्यात मोठा खजिना अमेरिकेत आहे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये, न्यू हेवनला. तिथे वेल्सची डायरी आहे, स्केच आहेत, आणि गंगाराम तांबटची मूळ ड्रॉइंग पण तिथेच आहेत. बरंच काही त्यांच्या वेबसाइटवर मोठ्या साइजमध्ये फुकट बघता येतं. अमेरिकेत त्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती, न्यूयॉर्कहून ट्रेनने जाता येतं, मुलांना घेऊन जा, आधी मेल करून विचारा कारण कागदावरची कामं कायम बाहेर मांडलेली नसतात.

मग इतकं सगळं असून त्याला किरकोळ पेंटर का म्हणतात?

कारण लंडनच्या मापाने तो तसाच होता. तंत्रात तो रेनॉल्ड्स नाही, झोफनीसारखी गर्दीतल्या प्रत्येकाला जिवंत करायची ताकद त्याच्यात नाही, आणि शैली म्हणावी असं त्याचं स्वतःचं काही नाही. हे मान्य करायला मला काही अडचण वाटत नाही. पण पेंटर मोठा की लहान आणि त्याचं काम आपल्याला किती लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळात पुण्याच्या दरबारी मंडळींना समोर बसवून, बघून, ऑइलमध्ये काढणारा पेंटर हाच. आपल्यासाठी त्याचं काम लागणारं आहे, खूप लागणारं.

नेटवरून ही चित्रं घेऊन शेअर करताना खाली काय लिहायचं?

पेशवा-नाना चित्राखाली "जेम्स वेल्स, १७९२". दरबाराच्या चित्राखाली "थॉमस डॅनियल, १८०५, जेम्स वेल्सच्या स्केचांवरून", नुसतं वेल्स नाही आणि नुसतं डॅनियल पण नाही. त्याच्याखाली साल १७९० टाकू नका, ते प्रसंगाचं साल आहे, चित्राचं नव्हे, आणि ही चूक छापील पुस्तकांत पण सर्रास दिसते. आणि गेंडा किंवा लेण्यांची ड्रॉइंग टाकत असाल तर आधी येलच्या वेबसाइटवर तपासा, गंगाराम तांबटचं असेल तर "कंपनी शैली (म्हणजे कंपनीच्या साहेबांसाठी इथल्या चित्रकारांनी केलेलं काम), अज्ञात चित्रकार" असं लिहू नका, पूर्ण नाव लिहा, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.